मशीनचा प्लग घरीच बदला, पण नंबर वाचून



१ जून ते ३१ जुलै हे बंदीचे ६१ दिवस संपत आले, की आपल्याकडे जाळी शिवून होतात, होडीला रंग लागतो, नारळी पौर्णिमेची तयारी सुरू होते. मशीन मात्र कोपऱ्यातून उचलून थेट होडीच्या पाठी लावलं जातं. दोरीचे चार-पाच हिसके मारले, चालू झालं, की बरं आहे म्हणायचं. पण किनाऱ्यावर चालू होणारं मशीन खाडीच्या तोंडावर चालू राहीलच असं नाही. शापोऱ्याचं तोंड घ्या, नाहीतर बेतुलला साळ नदीचं. वाळूची भर, त्यावर फुटणारी लाट, आणि तिथे मशीन बंद. वल्हं हातात येईपर्यंत होडी आडवी होते. अशा वेळी बंद पडण्याची कारणं पुष्कळ असतात, पण सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित कारण म्हणजे प्लग.

हे काम घरी होण्यासारखं आहे. पाना, फिलर गेज, स्वच्छ फडकं आणि अर्धा तास, एवढंच लागतं. आम्ही इथे छोट्या टू-स्ट्रोक पेट्रोल मशीनबद्दल लिहितो आहोत, कारण आपल्यापैकी बहुतेकांकडे तीच आहेत. फोर-स्ट्रोकवाल्यांनी पद्धत हीच ठेवावी, पण त्यांचे प्लग वेगळे असतात. एकाचा दुसऱ्याला लावू नये.

आधी नंबर. दुकानात जाऊन नुसता "मशीनचा प्लग द्या" म्हणू नका. पुस्तक सापडत नसेल तर कव्हरच्या आत चिकटवलेला कागद बघा. उदाहरणार्थ एनजीके कंपनीचा बी७एचएस-१० हा प्लग घ्या. यातलं 'बी' म्हणजे आट्यांची जाडी १४ मिमी. '७' म्हणजे उष्णतेचा दर्जा. 'एच' म्हणजे आट्यांची लांबी १२.७ मिमी. शेवटचे '१०' म्हणजे टोकांमधली फट १ मिमी. मध्ये 'आर' असेल तर प्लगमध्ये रेझिस्टर आहे. म्हणजे नंबर हा नुसता नंबर नसून प्लगची अख्खी कुंडलीच आहे.

यातलं 'एच' सगळ्यात महत्त्वाचं. मोटरसायकलच्या काही प्लगवर त्या जागी 'ई' असतं. जाडी तीच १४ मिमी, पाना तोच, आटे बसतातही. पण लांबी १९ मिमी. असा प्लग साडेबारा मिमीच्या हेडमध्ये घातला तर त्याचं टोक सिलिंडरमध्ये उतरतं आणि वर येणारा पिस्टन त्यावर आदळू शकतो. शेजाऱ्याच्या गाडीचा प्लग "बसतोय ना, मग लाव" म्हणून लावणं यासाठीच महागात पडतं.

उष्णतेच्या दर्जाचंही तसंच. एनजीकेमध्ये आकडा वाढला की प्लग थंड होत जातो, म्हणजे उष्णता लवकर बाहेर सोडतो. बॉश आणि चॅम्पियनमध्ये उलटं, तिथे आकडा वाढला की प्लग गरम. त्यामुळे कंपनी बदलताना आकड्याला आकडा जुळवू नका, दुकानदाराकडून जोडीचा तक्ता बघून घ्या. नकली प्लग बाजारात असतात, तेव्हा ओळखीच्या दुकानातून बंद डबीतला घ्यावा आणि डबीवरचा व प्लगवरचा नंबर एकच आहे का ते तिथेच बघावं.

आता एक गोष्ट जी फार लोक पाळत नाहीत. बंदीआधी सिलिंडरमध्ये तेल सोडून ठेवलं असेल, तर पहिल्यांदा मशीन चालू करताना ते तेल जळतं, धूर येतो आणि प्लग तेलात न्हाऊन निघतो. म्हणून पहिली सुरुवात जुन्या प्लगवर करा. टाकीतलं जुनं पेट्रोल आधी काढून टाका, कार्बोरेटरच्या वाटीतलंसुद्धा. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि ते दमट हवेतलं पाणी ओढून घेतं. आपल्या पावसात दोन महिने पडलेल्या पेट्रोलवर नवीन प्लग लावणं म्हणजे नवीन कपडे घालून चिखलात बसणं. ताजं पेट्रोल, पुस्तकात दिलेल्या प्रमाणात तेल (५०ला १ असेल तर लिटरला २० मिली, अंदाजे झाकणाने नव्हे), मशीनचा पाय पाण्याच्या पिंपात, आणि दहा मिनिटं चालवा. कोरडं चालवू नका, पाणी ओढणारा इम्पेलर जळतो. मग बंद करा आणि पूर्ण थंड होऊ द्या. हेड ॲल्युमिनियमचं असतं, गरम असताना प्लग ओढला तर आटे सोबत येऊ शकतात.

थंड झाल्यावर स्टॉप स्विचची दोरी काढून ठेवा. कव्हर उघडा. प्लग काढण्याआधी त्याच्या बुडाभोवती फुंकर मारून, ब्रशने मीठ-वाळू झाडून घ्या, नाहीतर ती सरळ सिलिंडरमध्ये पडते. कॅप धरून काढा, वायर ओढू नका. दोन सिलिंडरचं मशीन असेल तर वरची कॅप कुठली, खालची कुठली, याची खूण करा. या प्लगला २१ मिमीचा बॉक्स पाना लागतो. पाना सरळ बसला पाहिजे, तिरका बसला की पोर्सिलीनला चीर जाते आणि ती डोळ्याला दिसतही नाही. खाऱ्या हवेने प्लग जाम झाला असेल तर जोर करू नका. गंज सोडवणारं तेल बुडाशी सोडा आणि रात्रभर ठेवा. सकाळी आधी किंचित घट्ट करून मग सोडवा, बहुतेक वेळा सुटतो.

निघालेला प्लग लगेच पुसू नका. उजेडात धरा आणि वाचा. टोकाला फिकट तपकिरी रंग, चहाच्या डागासारखा, म्हणजे मशीन बरं चाललंय. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, चोक अडकलाय, किंवा मशीन तासन् तास हळू चाललंय. केरोसीनवर चालवणाऱ्यांना ही काजळी लवकर दिसणार. त्यांनी बंद करण्याआधी काही मिनिटं पेट्रोलवर आणूनच बंद करावं. ओला, तेलकट काळा म्हणजे तेल जास्त, किंवा ठिणगीच पडत नाही. पांढरा, फोड आल्यासारखा म्हणजे मशीन तापतंय. पाणी नीट फिरतंय का, पेट्रोल कमी पडतंय का, की प्लगच चुकीच्या दर्जाचा आहे, हे बघावं लागेल. आणि टोकावर चकचकीत ॲल्युमिनियमचे बारीक कण दिसले तर नवीन प्लग लावून दर्यात जाऊच नका. ते पिस्टनचे कण असतात. तिथून पुढे काम मेकॅनिकचं.

दोन प्लग असतील तर शेजारी ठेवून बघा. एक तपकिरी, दुसरा ओला, म्हणजे एक सिलिंडर काम करत नाही. दोघांची अदलाबदल करून मशीन चालवा. ओलेपणा प्लगबरोबर दुसरीकडे गेला तर प्लग खराब. जागच्या जागी राहिला तर कॉईल, कॅप किंवा कार्बोरेटर. एवढं बघून मेकॅनिककडे गेलात तर उगाच चार सुटे भाग गळ्यात पडत नाहीत.

काही जण प्लग बाहेर काढून, कॅप लावून, दोरी ओढून ठिणगी बघतात. होडीत हे करू नका. प्लगच्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर फवारते, तळात पेट्रोलचा वास साठलेला असतो, आणि शेजारीच ठिणगी. शिवाय प्लगचं अंग इंजिनाच्या लोखंडाला टेकलेलं नसेल तर कॉईल जाऊ शकते. त्यापेक्षा रात्री, किनाऱ्यावर, मशीन पिंपात चालू असताना कव्हर काढून लांबून बघा. फिरत्या चाकापासून हात आणि कपडे दूर ठेवा. कॅपजवळ किंवा वायरवर निळे झटके दिसले तर वीज बाहेर गळतेय. कॅपमध्ये खारं पाणी शिरलंय किंवा रबर फुटलंय. प्लग कितीही नवीन असू दे, त्याचा उपयोग नाही.

नवीन प्लगची फट डबीतून काढल्यावरही फिलर गेजने तपासा, पडझडीत वाकलेली असते. वाकवायचं ते फक्त बाजूचं टोक, मधल्याला हात लावायचा नाही. जुन्या प्लगच्या डोक्यावर बोंडू होता की नव्हता ते बघून नव्यालाही तसंच ठेवा. मग पाना बाजूला ठेवून प्लग हातानेच फिरवत बसवा. हात पुरत नसेल तर पेट्रोलच्या रबरी नळीचा तुकडा प्लगच्या डोक्यावर चढवून फिरवा. आटे चुकत असतील तर नळी घसरते, जोर लागतच नाही. हाताने पूर्ण बसला, वायसर टेकला, की पान्याने साधारण अर्धा फेरा. टॉर्क पाना असेल तर २५ न्यूटन-मीटर. तोच जुना प्लग परत लावत असाल तर वायसर आधीच दबलेला असतो, तेव्हा टेकल्यावर जेमतेम घड्याळाच्या एका तासाएवढं फिरवा. "अजून थोडा घट्ट" करणाऱ्या हातानेच हेडचे आटे जातात, आणि मग हेलिकॉईल घालावी लागते. आट्यांना ग्रीस चोपडू नका, त्याने नकळत जास्त घट्ट होतो. कॅपच्या आत मात्र सिलिकॉन ग्रीसचं बोट फिरवलं तर खारं पाणी शिरत नाही.

कधी बदलायचा? पुस्तकात तास आणि महिने दोन्ही दिलेले असतात, आणि आपले लोक महिने धरतात. ते महिने रविवारी फिरायला जाणाऱ्यांसाठी आहेत. रोज ४ तास आणि महिन्याला २५ फेऱ्या म्हटलं तर आपले १०० तास एका महिन्यात होतात. म्हणून ५० तासांनी काढून बघा, टोकं झिजून गोल झाली असतील किंवा फट वाढली असेल तर बदला. सॅंडपेपरने घासून पुन्हा लावण्यात अर्थ नाही, रेतीचे कण आत अडकतात. तास मोजायला घरच्या कॅलेंडरवर फेऱ्या लिहिल्या तरी पुरे. हे काम पोरांकडे द्या, ती चोख ठेवतात.

होडीत घट्ट झाकणाच्या डब्यात दोन नवीन प्लग, फट आधीच तपासलेली, आणि कोरडं फडकं ठेवा. पाना दोरीने बांधलेला असू द्या, कारण हलत्या होडीत हातातून सुटला की तो दर्याचा. आणि तोंडावर मशीन बंद पडलं तर पहिलं काम नांगर टाकण्याचं. कव्हर नंतर उघडा. होडी लाटेला तोंड करून थांबली, की प्लग बदलायला दहा मिनिटं मिळतात. मदत लागली तर तटरक्षक दलाचा नंबर १५५४, तो सगळ्या खलाशांच्या फोनमध्ये हवा, एकट्या मालकाच्या नव्हे.

काढलेल्या प्लगचा उजेडात घेतलेला फोटो आम्हाला इथे पाठवा. मशीन किती एचपीचं, प्लग किती तास चालला, वरचा की खालचा, आणि पेट्रोल की केरोसीन, हे चार शब्दांत लिहा. चांगले फोटो एकत्र करून पुढच्या आठवड्यात पानावर टाकू.