सामना नसलेल्या दिवसांचं स्टेडियम

सुरतेत रिक्षावाल्याला ‘पंडित दीनदयाळ उपाध्याय इनडोअर स्टेडियम’ एवढं लांबलचक नाव सांगायची गरज पडत नाही. ‘अठवा लाइन्स, इनडोअर’ म्हटलं की तो निघतो. महानगरपालिकेच्या मालकीच्या या सभागृहात सुमारे सात हजार प्रेक्षक बसतात. कधी बॅडमिंटन, कधी टेबल टेनिस, कधी प्रदर्शन, कधी गाण्यांचा कार्यक्रम, नवरात्रात गरबा. जमीन तीच, वर्दी मात्र रोज वेगळी.

2022 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांतलं टेबल टेनिस इथे झालं. स्पर्धांचं उद्घाटन अहमदाबादला 29 सप्टेंबरला होतं, पण टेबल टेनिस 20 ते 24 सप्टेंबरलाच उरकलं, कारण भारतीय संघाला लगेच जागतिक सांघिक स्पर्धेसाठी चीनला जायचं होतं. पुरुष एकेरीचं सुवर्ण सुरतच्याच हरमीत देसाईने घेतलं. 2018 आणि 2022 च्या राष्ट्रकुल स्पर्धांत सांघिक सुवर्ण जिंकणाऱ्या संघांतला हा खेळाडू घरच्या प्रेक्षकांसमोर खेळत होता.

हा खेळ दिसतो त्यापेक्षा जास्त जागा खातो. टेबल जेमतेम 2.74 मीटर लांब, पण मोठ्या स्पर्धेत एकेका टेबलाला 14 बाय 7 मीटरचं आवार लागतं. चेंडूचं वजन 2.7 ग्रॅम. वातानुकूलनाचा झोत आडवा आला तरी त्याची वाट बदलते. बॅडमिंटनच्या फुलाचंही तेच. म्हणून नुसतं छप्पर पुरत नाही. हवा, उजेड, खालची मॅट, सगळं खेळागणिक जुळवावं लागतं. टेबल टेनिस आवरल्यावर आठवडाभरातच याच स्पर्धांचं बॅडमिंटन इथे सुरू झालं.

शहरातलं दुसरं मोठं मैदान लालभाई कॉन्ट्रॅक्टर स्टेडियम, क्रिकेटचं. 2019 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये भारत आणि दक्षिण आफ्रिकेच्या महिलांची टी-20 मालिका संपूर्ण इथेच झाली. पंधरा वर्षांच्या शफाली वर्माने 24 सप्टेंबरला इथेच पदार्पण केलं आणि शून्यावर बाद झाली. 1 ऑक्टोबरला याच मैदानावर तिने 46 धावा फटकावल्या. मधले दोन सामने पावसाने धुऊन नेले, तेव्हा एक सामना वाढवण्यात आला. उघड्या मैदानाचं हे दुखणं जुनंच आहे.

छपराचा प्रयोग जपानने फार पुढे नेला. 1988 च्या टोकियो डोमचं छप्पर आतल्या हवेच्या दाबावर तरंगतं. 2001 मध्ये उघडलेल्या साप्पोरो डोममध्ये फुटबॉलची हिरवळ बाहेर उन्हात वाढते आणि सामन्यासाठी अख्खी आत सरकते. पण तिथला बेसबॉल संघ 2023 मध्ये स्वतःच्या नव्या मैदानावर निघून गेला आणि डोमचं उत्पन्नाचं गणित विस्कटलं. यंत्र कितीही अजब असलं तरी नेमाने येणारं माणूस लागतंच.

ते माणूस कसं जोडावं, हे जपानच्याच निशिनोमिया शहरातलं कोशिएन सांगतं. हानशिन या रेल्वे कंपनीने 1924 मध्ये बांधलेलं हे मैदान हानशिनच्याच व्यावसायिक बेसबॉल संघाचं घर आहे. तरी दर ऑगस्टमध्ये शाळकरी मुलांची राष्ट्रीय स्पर्धा आली की व्यावसायिक संघ आपला बोजाबिस्तरा उचलून बाहेर पडतो. घरमालकाने पोरांसाठी घर मोकळं करायचं, ही तिथली रीत. सामने देशभर दूरचित्रवाणीवर दिसतात आणि आपल्या गावच्या शाळेसाठी माणसं दुरून येतात.

सुरतेला हे जमण्यासारखं आहे. इनडोअर स्टेडियमची मालक असलेली महापालिकाच सात भाषांतल्या शाळा चालवते. मराठी त्यातली एक. खानदेशातून ताप्ती मार्गाने येऊन उधना-लिंबायतला स्थिरावलेल्या कुटुंबांना या मराठी शाळा चांगल्या ठाऊक आहेत. प्रदर्शनं आणि गाण्याचे कार्यक्रम जरूर व्हावेत, त्यातून देखभालीचा खर्च निघतो. मात्र वर्षातला एक आठवडा महापालिकेच्या शाळांतल्या मुलांसाठी कायमचा राखून ठेवावा आणि तेव्हा कितीही मोठं भाडं आलं तरी तारीख देऊ नये. हरमीतच्या शहराने एवढं करायला हरकत नाही.