अभिजात म्हणजे राजभाषा नव्हे

3 ऑक्टोबर 2024 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मंजूर केला, तेव्हापासून एक समजूत सभासंमेलनांच्या व्यासपीठापासून बँकेच्या खिडकीपर्यंत अशा निःशंकपणे वावरत आहे की, तिचा प्रतिवाद करणाराच मराठीचा वैरी ठरावा. ती समजूत अशी की, मराठी आता ‘सरकारी’ झाली आणि म्हणून मराठीत उत्तर न देणारा कारकून या दर्जाचा अवमान करतो. कारकुनाचे वर्तन निंद्य असेलही. परंतु त्याच्यापुढे अभिजातपणाची सनद नाचविणे व्यर्थ आहे, कारण त्या सनदेत कचेरीच्या व्यवहाराविषयी एक अक्षरही नाही.

राज्यघटनेत ‘अभिजात भाषा’ असा वर्गच नाही. तो केंद्र सरकारने 2004 साली आपल्या प्रशासकीय निर्णयाने निर्माण केला. त्यात प्रथम तमिळ आली, मागाहून संस्कृत, तेलुगू, कन्नड, मल्याळम आणि ओडिया आल्या. याउलट, कामकाजाची भाषा ठरविण्याचा अधिकार घटनेच्या 345व्या अनुच्छेदाने राज्याच्या विधिमंडळास दिलेला असून, महाराष्ट्राने तो 1964च्या राजभाषा अधिनियमाने बजावला आहे. म्हणजे जो हक्क परवा पदरात पडला म्हणून आपण पेढे वाटले, तो अर्धशतकाहून अधिक काळ आपल्याच दप्तरात आहे, आणि तो वाचून पाहण्याची तसदी मात्र फारशी कोणी घेत नाही. बँकेतील फलक व छापील अर्ज हिंदी, इंग्रजी आणि प्रादेशिक भाषेत असावेत, हा निर्देशही रिझर्व्ह बँकेचा आहे. त्याचा अभिजातपणाशी काडीचा संबंध नाही.

एवढ्यानेही ज्याचे समाधान होत नसेल, त्याने त्याच दिवशी, त्याच बैठकीत मान्यता मिळालेल्या अन्य भाषांकडे पाहावे. बंगाली आणि असमिया यांच्यासह पाली व प्राकृत याही तेथे होत्या. या दोन्ही भाषा घटनेच्या आठव्या अनुसूचीत नाहीत. दर्जाने भाषा राजभाषा होत असती, तर तहसील कचेरीत ‘गाथासप्तशती’कार हालाच्या प्राकृतात दरखास्त दाखल करता आली असती!

मग या दर्जाने लाभते काय? दीड ते दोन हजार वर्षांची प्राचीनता आणि प्राचीन वाङ्मयाचा वारसा मान्य होतो, विद्वानांसाठी दोन आंतरराष्ट्रीय पुरस्कार, उच्च अध्ययनाचे केंद्र आणि केंद्रीय विद्यापीठांतून अध्यासने यांची तजवीज होते. लाभ विद्याव्यासंगाचा आहे, आणि तो क्षुल्लक नाही. हस्तलिखितांच्या संपादनास व शिलालेखांच्या वाचनास बळ मिळाले, तर मराठीचे ते मोठेच कल्याण होईल.

आता किरकोळ प्रवाद. ‘दरवर्षी अमुक शेकडो कोटी मिळणार’: निर्णयात असा कोणताही ठरीव वार्षिक आकडा नाही. ‘ज्ञानेश्वरीची भाषा दोन हजार वर्षांची’: अभिजात दर्जासाठी नेमलेल्या रंगनाथ पठारे समितीने मांडलेला दावा महाराष्ट्री प्राकृतापासून मराठीपर्यंतच्या सातत्याचा आहे, आणि त्याच्या पुष्ट्यर्थ दाखविला जाणारा नाणेघाटचा शिलालेख प्राकृतातला आहे. ‘हिंदी राष्ट्रभाषा आहे’: 343वा अनुच्छेद तिला संघाची राजभाषा म्हणतो, राष्ट्रभाषा नव्हे. आणि 27 फेब्रुवारी हा कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी येणारा मराठी भाषा गौरव दिन होय. मराठी राजभाषा दिन 1 मे रोजी येतो, हे दरवर्षी फलक रंगविणाऱ्यांनी एकदा लिहून ठेवावे.