बिनतारी राखणदार

पीक काढून घरांत येऊन पडलें म्हणजे शेतकऱ्याची चिंता संपली, अशी शहरवासीयांची समजूत असते. वस्तुतः चिंता संपत नाहीं, तिचें ठिकाण मात्र बदलतें. शेतांत असतांना जो कांदा अवकाळी पावसाच्या धाकांत होता, तोच चाळींत आल्यावर सडीच्या आणि चोराच्या धाकांत येतो. मोटारीची केबल, कोठारांतील सोयाबीनचीं पोतीं, ठिबकाच्या नळ्यांचीं वेटोळीं, गोठ्यांतील करडें, हीं सर्व रात्रीं कोणाच्या तरी नजरेखालीं असावीं लागतात. पूर्वीं घरोघर दोन-चार गडी असत व त्यांतील एखादा ओट्यावर घोंगडी टाकून पडे. आतां मजूर मिळणें दुरापास्त झालें आहे; आणि मिळाला तरी दिवसभर राबून त्यानें रात्रीची जागलही करावी, ही अपेक्षा न्यायाची नव्हे.

या अडचणीवर उपाय म्हणून गेल्या दोन वर्षांत आम्हीं परसदारीं, कोठारांत, गोठ्यासमोर व कांदाचाळीवर बिनतारी हालचाल-संवेदक, म्हणजे बाजारांत ज्यांस मोशन सेन्सर म्हणतात तीं यंत्रें, बसवून पाहिलीं. त्यांत यश आलें, तशी एकदां फजितीही झाली व ती आम्हांस महाग पडली. दोन्ही गोष्टी वाचकांपुढें ठेवाव्या, या हेतूनें हें लिहीत आहों.

प्रथम यंत्र ओळखतें काय, हें समजून घेतलें पाहिजे. कारण तें न समजतां यंत्र भिंतीवर ठोकणें म्हणजे जमिनीचा कस न पाहतां खत टाकण्यासारखें आहे. पुष्कळांचा असा ग्रह असतो कीं, या डबीस डोळा आहे व तीस माणूस दिसतो. तसें नाहीं. प्रत्येक उष्ण पदार्थ डोळ्यांस न दिसणारे अवरक्त किरण बाहेर टाकीत असतो. माणसाच्या अंगांतून निघणारे हे किरण मुख्यतः १० मायक्रोमीटरच्या आसपास तरंगलांबीचे असतात. संवेदकाच्या आंत अशा किरणांनीं किंचित् विद्युत्‌भार उत्पन्न होणाऱ्या पदार्थाचे दोन तुकडे शेजारीं-शेजारीं, परंतु परस्परांच्या उलट जोडलेले असतात. सगळी खोलीच हळूहळू तापली तर दोहोंवर सारखाच परिणाम होऊन बेरीज शून्य होते. परंतु उष्ण देह समोरून सरकत गेला म्हणजे किरण आधीं एका तुकड्यावर व मग दुसऱ्यावर पडतात, आणि त्या फरकावरून यंत्र हालचाल झाली असें समजतें. वर जें पांढरें, फुगीर, खाचाखाचांचें झांकण दिसतें, तें नुसतें झांकण नसून भिंग आहे. ऑगस्तँ फ्रेनेल (१७८८–१८२७) या फ्रेंच शास्त्रज्ञानें दीपगृहांसाठीं जें पायऱ्यापायऱ्यांचें भिंग योजिलें, त्याचेंच हें प्लास्टिकचें धाकटें भावंड. समुद्रांतील गलबतांस वाट दाखविण्यासाठीं निघालेली युक्ति कांदाचाळीच्या राखणीस येऊन पोंचली, याचें आम्हांस अजून कौतुक वाटतें.

एवढें ध्यानांत आलें म्हणजे यंत्र कोठें बसवावें हें निराळें शिकवावें लागत नाहीं. संवेदकासमोरून आडवा जाणारा माणूस चटकन् ओळखला जातो. सरळ त्याच्याकडे चालत येणारा उशिरां ओळखला जातो. म्हणून दारासमोरच्या भिंतीवर न बसवितां वाटेच्या बाजूच्या भिंतीवर बसवावा. साधारण सात फूट उंची आम्हांस सोयीची वाटली. बहुतेक लहान संवेदकांची धांव पांच ते सात मीटर असते, त्यामुळें लांब चाळीस एक पुरत नाहीं. अवरक्त किरण कांचेंतून पार होत नाहींत. तेव्हां पावसांत भिजूं नये म्हणून खिडकीच्या कांचेआड ठेवलेला संवेदक आंधळाच समजावा. बाहेर लावावयाचा असल्यास धूळ व पाणी न शिरणारा, मुद्दाम त्यासाठीं केलेलाच घ्यावा. आणि एक मर्म असें कीं, यंत्र देह व सभोंवार यांच्या उष्णतेंतील फरक पाहतें. विदर्भ-मराठवाड्याकडे वैशाखांत हवा जवळजवळ अंगाइतकी किंवा त्याहूनही तापते, त्या वेळीं हा फरक मावळतो व यंत्राची धांव आंखडते. रात्र थंड झाली म्हणजे तें पुन्हां तल्लख होतें, हें आपलें नशीब. कारण चोर बहुधा रात्रींचाच येतो.

संवेदक एकटा कांहीं करीत नाहीं; तो केवळ खबर देतो. खबर ऐकणारा व हुकूम सोडणारा दुसरा पाहिजे. आम्हीं निवडलेले संवेदक झिगबी नांवाच्या बिनतारी पद्धतीनें बोलतात. मधमाशी पोळ्यावर नागमोडी नाचून आपल्या बहिणींस फुलांची दिशा सांगते, त्या नाचावरून हें नांव पडलें. मधमाश्यांच्या पेट्या ठेवणाऱ्या वाचकांस तें सहज पटेल. ही खबर ऐकण्यासाठीं संगणकास एक लहान खुंटीएवढें साधन जोडावें लागतें. त्यास आपण समन्वयक म्हणूं. संगणकावर होम असिस्टंट ही प्रणाली चालते. ती २०१३ मध्यें पाउलस स्खाउत्सेन यांनीं सुरू केली, विनामूल्य आहे, आणि मुख्य म्हणजे घरांतल्या घरांत चालते. इंटरनेट बंद पडलें तरी संवेदकाची खबर व दिव्याचा हुकूम अडत नाहीं. खेड्यांतील इंटरनेटचा भरंवसा वाचक जाणतातच. आम्हीं घरांत पडून असलेला जुना संगणक या कामीं लावला.

समन्वयक थेट संगणकाच्या मागें खुपसूं नये. संगणकाच्या यूएसबी ३ जोडणीपासून २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यांत गोंगाट उठतो, व झिगबी नेमकी त्याच पट्ट्यांत बोलते. हात-दीड हात लांबीची वाढीव तार लावून समन्वयक दूर टांगला कीं, निम्म्या तक्रारी जातात. वाय-फायही त्याच पट्ट्यांत असतो. आमचा वाय-फाय पहिल्या वाहिनीवर असल्यानें झिगबीस आम्हीं पंचविसावी वाहिनी दिली. हें आरंभींच ठरवावें. मागाहून बदलल्यास कांहीं संवेदक पुन्हां जोडीत बसावें लागतें.

जोडण्याची रीत सोपी आहे. होम असिस्टंटमध्यें नवीन साधन घेण्याची मुभा थोडा वेळ उघडावयाची, संवेदकावरील बारीक कळ कांहीं सेकंद दाबून धरावयाची, त्याचा दिवा लुकलुकूं लागला कीं सोडावयाची. पडद्यावर त्याचें नांव उमटतें, व त्याखालीं हालचाल, उजेड, सेलची शक्ति असे ज्याच्या त्याच्या जातीप्रमाणें रकाने येतात. त्याच वेळीं त्यास ‘कोठार पूर्व दार’ असें ठसठशीत नांव द्यावें. आम्हीं पहिल्या दिवशीं आळस केला आणि मध्यरात्रीं ‘संवेदक तीन’ म्हणजे कोणता, हें आठवीत अंगणांत उभे राहिलों. दुसरें असें कीं, जोडणी टेबलावर न करतां, शक्यतों जेथें तो कायमचा राहणार तेथेंच करावी, म्हणजे तो जवळचा वाटाड्या आपण होऊन धरतो.

हा वाटाड्याचा विषय थोडा विस्तारानें सांगण्याजोगा आहे. सेलवर चालणारे संवेदक दुसऱ्याची खबर पुढें पोंचवीत नाहींत. शक्ति राखण्यासाठीं ते बहुतेक वेळ निजलेले असतात. घरच्या विजेवर चालणारीं साधनें, उदाहरणार्थ झिगबीचा स्मार्ट प्लग, मात्र खबर हातोहात पुढें देतात. वाड्याच्या दगडी भिंती दोन-दोन फूट जाड; त्यांतून लहरी जेमतेम जातात. म्हणून आम्हीं माजघर, पडवी व गोठ्याची वळचण असे तीन प्लग लाविले आणि चाळीपर्यंत सांखळी नेली. परंतु वीज गेली कीं प्लग मेले, आणि प्लग मेले कीं सांखळी तुटली! ज्या रात्रीं अंधार, त्याच रात्रीं राखणदार मुका. हा दोष आमच्या ध्यानांत पहिल्याच भारनियमनांत आला. संगणक, समन्वयक व तीनही प्लग इन्व्हर्टरच्या तारेवर घेतल्यानंतरच ही यंत्रणा विश्वासास पात्र झाली. या साधनांस वीज फारशी लागत नाहीं. इन्व्हर्टरवर पंख्याचा जो भार पडतो त्याहून हा भार आमच्या येथें कमीच पडला.

आतां फजितीची हकीकत. आरंभीं आम्हीं नियम असा केला होता कीं, कोणत्याही संवेदकानें हालचाल सांगितली कीं घरांतील सर्वांच्या मोबाइलवर इशारा यावा. गोठ्याचा संवेदक बैलांकडे तोंड करून लाविला होता. बैल रात्रभर शेपटी हलवितो, उठतो, बसतो. मांजर आढ्यावरून जातें. तावलेल्या पत्र्याखालून वाऱ्याचा झोत येतो. पाल तर भिंगावरच येऊन बसते. एका रात्रींत वीस-पंचवीस इशारे येऊं लागले. आमचा जुना गडी हंसून म्हणाला, ‘अण्णा, ह्यो बैलालाबी चोर म्हंतोय अन् मांजरालाबी. मंग खऱ्या चोराला काय म्हनंल?’ आम्हीं तें थट्टेवारी नेलें. आठवड्याभरांत घरांतील प्रत्येकानें आपापल्या मोबाइलचा आवाज बंद केला. त्याच अमावास्येच्या सुमारास चाळीच्या आडोशास ठेवलेलें नव्या केबलचें वेटोळें नाहींसें झालें. सकाळीं नोंद काढून पाहिली, तों रात्रीं दोन वाजून गेल्यावर चाळीच्या संवेदकानें पांच वेळां हालचाल कळविलेली होती. यंत्रानें आपलें काम चोख केलें होतें. आम्हींच त्याचें तोंड बांधून ठेविलें होतें. केबलीच्या किंमतींत असे कित्येक संवेदक आले असते.

त्यानंतर सर्व मांडणी नव्यानें केली. गोठ्याचा संवेदक बैलांकडून फिरवून बाहेरच्या वाटेकडे लाविला. कोठारांतील संवेदकाच्या भिंगाचा खालचा भाग काळ्या चिकटपट्टीनें झांकला, त्यामुळें जमिनीवरून जाणारें मांजर व उंदीर त्यास कळत नाहींत, माणसाची छाती मात्र कळते. आठवड्यांतून एकदां कोरड्या फडक्यानें भिंगावरचीं जाळीं पुसण्याचें काम मुलांकडे दिलें. नियमही बदलले. सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत हालचाल झाली तर केवळ त्या जागेचा मोठा दिवा लागतो. सूर्य केव्हां मावळतो हें प्रणाली गांवाच्या अक्षांश-रेखांशावरून स्वतःच काढते, ऋतुमानाप्रमाणें घड्याळ फिरवावें लागत नाहीं. मोबाइलवर खणखणीत इशारा मात्र रात्रीं दहा ते पहांटे पांच या वेळेंत आणि चाळीच्या दोन्ही टोकांच्या संवेदकांनीं मिनिटाभराच्या अंतरानें हालचाल सांगितली तरच येतो. मांजर एका टोकास हिंडतें. चाळीवर आलेला माणूस बहुधा दोन्ही टोकें पाहतो. अशा नियमानें एखादा चोर निसटेल, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु ज्या इशाऱ्याकडे कोणी पाहत नाहीं, त्याहून क्वचित् येणारा व सर्वांस उठविणारा इशारा बरा, असें आमचें मत झालें आहे.

दिवा किती वेळ जळावा, हाही एक प्रश्न असतो. सेलवरील कित्येक संवेदक एकदां खबर देऊन झाली कीं मिनिट-दीड मिनिट गप्प बसतात. दिव्याची मुदत याहून कमी ठेवली, तर माणूस उभा असतांनाच अंधार होतो. आम्हीं शेवटच्या हालचालीनंतर पांच मिनिटें ठेवली आहेत. भोंगा बसवावा असा कित्येकांचा आग्रह होता. भोंग्यानें दुभतीं जनावरें बिचकतात व शेजारीं शिव्या देतात. दिव्यानें बहुधा तेंच काम होतें. कॅमेऱ्याविषयींही विचारणा होते. चाळीवर कॅमेरा असावा, त्यास आमचा विरोध नाहीं. परंतु परसदारीं, जेथें घरांतील व मजूर स्त्रिया वावरतात, तेथें चित्र न घेणारा हा संवेदकच शोभतो.

जुन्नर, नाशिक, अहिल्यानगर या बाजूच्या वाचकांच्या मनांत बिबट्याचा प्रश्न आला असेल. बिबट्याही उष्ण देहच आहे, तेव्हां संवेदकास तो कळेल. परंतु कुत्रें कोणतें व बिबट्या कोणता, हें त्यास सांगतां येणार नाहीं. दिवा लागल्यानें तो परत फिरेलच अशा भरंवशावर करडें उघड्यावर ठेवूं नयेत. बंद गोठा व मजबूत जाळी यांस हें यंत्र पर्याय नाहीं. इशारा आल्यावर एकट्यानें काठी घेऊन बाहेर धांवणें तर चोराच्या बाबतींतही शहाणपणाचें नाहीं.

सेलविषयीं एक सूचना. नाण्याच्या आकाराचा लिथियम सेल बहुधा वर्ष-दोन वर्षें जातो. परंतु पडद्यावर दिसणाऱ्या टक्क्यांवर विसंबूं नये. या जातीच्या सेलचा दाब शेवटपर्यंत जवळजवळ सारखा राहतो व मग एकाएकीं ढांसळतो. बहुतेक संवेदक हालचाल नसली तरी मधूनमधून आपली हजेरी लावीत असतात. ज्या संवेदकाची चोवीस तासांत हजेरी नाहीं, त्याचें नांव सकाळीं सात वाजतां मोबाइलवर यावें, असा नियम आम्हीं घालून ठेवला आहे. गेल्या भाद्रपदांत कोठारांतील एक सेल असाच आदल्या संध्याकाळपर्यंत चाळीस टक्के दाखवून बंद पडला. हजेरीच्या नियमामुळेंच तो कळला.

राहतां राहिली विहीर. ती वाड्यापासून अर्ध्या किलोमीटरवर आहे. मध्यें ऊस उभा असतो व विजेवर चालणारा एकही वाटाड्या नाहीं. तेथें झिगबीचें चालत नाहीं. लांब पल्ल्यासाठीं लोरा नांवाची निराळी बिनतारी पद्धति आहे. आपल्या देशांत तिच्यासाठीं ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्‌झचा पट्टा शक्तीच्या ठरावीक मर्यादेंत परवान्यावांचून वापरतां येतो, व मोकळ्या रानांत तिची खबर कांहीं किलोमीटर जाऊं शकते. वाड्याच्या गच्चीवर तिचा खांब रोवून झाला आहे. विहिरीवरील संवेदक पावसाळा सरल्यावर बसेल. तोंवर मोटारीची केबल रोज संध्याकाळीं सोडून घरीं आणण्याची जुनी रीत आम्हीं चालू ठेवली आहे.