लहान शाळांच्या तुलनेचा प्रश्न : हरिहरेश्वर परिसराच्या संदर्भात

सार्वजनिक शाळांची तुलना सामान्यतः दोन हेतूंनी केली जाते. कोणत्या शाळेत अध्यापन चांगले होते हे कळावे, हा एक. आणि कोणत्या शाळेस साहाय्य द्यावे, कोणती चालू ठेवावी हे ठरविता यावे, हा दुसरा. २० पेक्षा कमी पटाच्या शाळांऐवजी समूहशाळा उभारण्याचा प्रस्ताव महाराष्ट्रात २०२३ साली पुढे आल्यापासून दुसऱ्या हेतूस विशेष महत्त्व आले आहे. अशा वेळी शाळेच्या निकालाचा दाखला पुढे करण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. तो दाखला कितपत विश्वसनीय असतो, याचा विचार प्रस्तुत टिपणात केला आहे.

हरिहरेश्वर हे सावित्री नदीच्या मुखाशी, रायगड जिल्ह्याच्या श्रीवर्धन तालुक्यात वसलेले क्षेत्र होय. डोंगर आणि खाड्या यांमुळे या भागातील वस्ती लहान लहान वाड्यांत विखुरली आहे. शिवाय पोटापाण्यासाठी मुंबईस जाण्याची परंपरा जुनी आहे. साहजिकच जिल्हा परिषदेच्या अनेक शाळांचा पट अल्प असतो. २००९ च्या शिक्षणहक्क अधिनियमानुसार ६० पर्यंत पटाच्या प्राथमिक शाळेस दोन शिक्षक मिळतात. म्हणजे एका शिक्षकास एकाच वेळी दोन-तीन इयत्ता सांभाळाव्या लागतात. अशा शाळेची तुलना मोठ्या गावातील शाळेशी शेकडेवारीच्या आधारे केली असता काय घडते?

एक कल्पित उदाहरण घेऊ. २० शाळा आहेत. प्रत्येकीच्या चौथीत ६ मुले आहेत. अध्यापनाचा दर्जा सर्वत्र अगदी सारखा असून कोणतेही मूल वाचनचाचणीत उत्तीर्ण होण्याची संभाव्यता ६० टक्के आहे. तरीही केवळ यदृच्छेने त्यांपैकी सरासरीने एका शाळेचा निकाल १०० टक्के लागेल, आणि तीन-चार शाळांत दोन किंवा त्यांहूनही कमी मुले उत्तीर्ण होतील. पहिलीचा सत्कार होईल, इतरांकडे खुलासा मागितला जाईल. वस्तुतः त्यांच्यात काहीच भेद नाही. ६ मुलांच्या वर्गात निकालाचे प्रमाण विचलन २० टक्के बिंदूंचे असते, ६० मुलांच्या वर्गात ते सुमारे ६ बिंदूंवर येते. म्हणूनच गुणानुक्रमाच्या यादीत अगदी वर आणि अगदी खाली, दोन्हीकडे लहान शाळाच अधिक आढळतात. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना राज्याच्या निकालांवरून केन व स्टेगर यांनी २००२ साली हेच दाखवून दिले.

दुसरी अडचण मुलांच्या पार्श्वभूमीची. याच किनाऱ्यावर पर्यटन आणि सुपारीच्या वाड्या यांवर चालणारी घरे आहेत, मासेमारी करणारी आहेत, तसेच हंगामात वीटभट्टीवर वा कोळशाच्या कामावर स्थलांतर करणारी कातकरी कुटुंबेही आहेत. मराठी आणि उर्दू अशी दोन माध्यमे आहेत. शाळाशाळांतील निकालाचा पुष्कळसा फरक घरच्या परिस्थितीतून येतो, हे कोलमन यांच्या १९६६ च्या अहवालापासून शिक्षणशास्त्रात सुपरिचित आहे. यास्तव मूल चौथीत कोठे आहे एवढेच न पाहता, ते पहिलीपासून किती पुढे आले हे पाहिले पाहिजे.

तिसरी अडचण गणनेत न येणाऱ्या मुलांची. गोखले संस्थेतर्फे धनंजयराव गाडगीळ आणि वि. म. दांडेकर यांनी सातारा जिल्ह्यातील प्राथमिक शिक्षणाची पाहणी केली. ती १९५५ साली प्रसिद्ध झाली. शाळा मध्येच सोडणे, आणि शिकलेल्यांचे पुन्हा निरक्षर होणे, हे तिचे विषय होते. परीक्षेस बसलेल्यांचीच टक्केवारी काढली, तर ज्या शाळेतून दुर्बल मुले गळाली तीच शाळा उत्तम ठरते! म्हणून छेदस्थानी दाखल झालेली सर्व मुले हवीत. कुटुंबासह मुंबईस गेलेल्यांची नोंद मात्र वेगळी असावी.

उपलब्ध साधनांच्याही मर्यादा आहेत. यू-डायस प्रणालीत पट, शिक्षक, इमारत यांची माहिती मिळते. मूल वाचू शकते की नाही, हे त्यावरून कळत नाही. ‘असर’ पाहणीत मुलांची वाचन-गणिताची चाचणी घरी जाऊन घेतात. परंतु जिल्ह्यातील ३० गावांच्या नमुन्यावरून निघणारा तो अंदाज जिल्ह्यापुरताच असतो, एखाद्या शाळेस लावता येत नाही. शिवाय ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळले, तेव्हा शाळा महामारीमुळे आधीच बंद होत्या. या वर्षापूर्वीच्या आणि नंतरच्या निकालांची तुलना करताना शिक्षकाच्या कामाचा परिणाम या आपत्तींपासून वेगळा काढणे कठीण आहे.

मग तुलना करूच नये काय? तसे नव्हे. तीन वर्षांचे निकाल एकत्र केल्यास वरील उदाहरणातील विचलन २० वरून सुमारे साडेअकरा बिंदूंवर येते. टक्केवारीबरोबर मुलांची संख्या छापावी. अनुक्रम न लावता सारख्या पटाच्या आणि परिस्थितीच्या शाळांचे गट करावेत. प्रत्येक मुलाची प्रगती नोंदवावी. इतके करूनही जो फरक उरेल, त्याचे कारण प्रत्यक्ष वर्गात बसूनच शोधावे लागेल. शाळा चालू ठेवण्याचा प्रश्न मात्र निराळ्या कसोटीवर सोडविला पाहिजे. पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत असावी, हा नियम मुलाच्या पायांचा विचार करून केलेला आहे. सहा मुलांच्या एका वर्षाच्या निकालावरून तो मोडता येणार नाही.