चित्र मळकट, बोली चोख

नंदुरबारकडे सोंगाड्या पार्टी या लोकनाट्याचा खेळ रंगतो तो रात्री. पुरुषच लुगडं नेसून बाई होतात, नेपथ्य जेमतेम. तरी माणसं जागची हलत नाहीत. हशा पिकतो तो आपल्या बोलीतल्या टोल्याला. खानदेशी व्हिडिओपट समजून घ्यायचा तर सुरुवात इथूनच करावी.

या व्हिडिओपटाचं माहेर मालेगाव. यंत्रमागांच्या या गावात नासिर शेख व्हिडिओ पार्लर चालवायचे. २००० साली त्यांनी सुमारे पन्नास हजारांत ‘मालेगाव के शोले’ काढला. त्यातले डाकू सायकलींवरून आले. ‘मालेगाव का सुपरमॅन’च्या वेळी क्रेनचं काम बैलगाडीनं भागवलं. सुपरमॅन झालेले शफीक शेख यंत्रमाग कामगार होते. फैझा अहमद खान यांनी ही धडपड माहितीपटात टिपली आणि २०२५ मध्ये रीमा कागती यांचा ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’ देशभर लागला.

पार्लरची जागा पुढे मोबाइलनं घेतली. विनोदी नट छोटू दादाचे व्हिडिओ कोट्यवधी वेळा पाहिले गेले. ‘झुमका वाली पोर’ हे अहिराणी गाणं वरातीत वाजू लागलं. ‘मना’, ‘तुना’ (माझा, तुझा) कानावर पडलं की सुरतेत कामाला गेलेला पोऱ्याही हातातलं काम थांबवतो. मात्र यातल्या बऱ्याच व्हिडिओंत आवाज फाटतो, गोष्ट मध्येच सुटते, बुटकेपणावर आणि बायकांवर स्वस्त विनोद होतात. बोलीच्या ओढीनं प्रेक्षक येतो. पण त्याला बांधून ठेवायला गोष्टच लागते.

कॅरिबियन समुद्रातल्या हैतीचा अनुभव असाच आहे. तिथे फ्रेंच ही कचेरीची भाषा, क्रेओल घरची. १९८७च्या राज्यघटनेनं दोघींना बरोबरीचा दर्जा दिला. रिचर्ड सेनेकाल यांचा ‘बारिकाद’ (२००२) श्रीमंत घरातला मुलगा आणि मोलकरीण यांच्या प्रेमाची गोष्ट सांगतो. व्हिडिओवर कमी पैशांत निघालेल्या अशा चित्रपटांनी प्रेक्षक घडवला. २०२१ साली जेसिका जेनेयुस यांचा क्रेओलमधला ‘फ्रेडा’ कान महोत्सवात दाखवला गेला. छोटं दुकान चालवणारी आई आणि तिच्या मुली, एवढंच त्याचं भांडवल. बोली तीच राहिली; गोष्ट खोल गेली.

आता नंदुरबारकडे पाहू. १ जुलै १९९८ला झालेल्या या जिल्ह्यात २०११च्या जनगणनेनुसार सुमारे ६९ टक्के लोक आदिवासी. भिली, पावरी, मावची, अहिराणी, गुजरी अशा बोली बाजारात एकमेकींना खेटून चालतात. सरदार सरोवराच्या पाण्यानं अक्कलकुवा-अक्राणीतली गावं गिळली, तेव्हा आनंद पटवर्धन आणि सिमंतिनी धुरू यांचा ‘अ नर्मदा डायरी’ (१९९५) हा माहितीपट इथवर पोहोचला. तो कॅमेरा कळवळ्याचा होता, पण पाहुण्याचा.

घरच्या कॅमेऱ्याला विषय शोधत हिंडायला नको. बुडालेलं गाव, ऊसतोडीला गेलेलं घर, होळीची रात्र हे सगळं दाराशी आहे. धडगावच्या, तळोद्याच्या पोरांनी मोबाइल जरूर उचलावा. फक्त चित्रीकरणाआधी गोष्ट एकदा घरातल्या म्हातारीला सांगून बघावी. ती मधेच उठून गेली, तर पुन्हा लिहावी.