हिवाळ्यातील कोलोन आणि कोळशाची गाडी

ज्वराने फणफणलेल्या मुलाच्या कपाळावर युडी कोलनच्या पाण्यात भिजविलेली घडी ठेवण्याची चाल आपल्याकडील कित्येक जुन्या घरांतून होती. त्या शब्दांचा अर्थ 'कोलोनचे पाणी' असा आहे, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असेल. जर्मनीतील ऱ्हाईन नदीच्या तीरी वसलेल्या कोलोन शहरात फरीना नामक इटालियन कुटुंबाने १७०९ साली आपली पेढी थाटली व हे सुगंधी पाणी जगभर नेले. परंतु ख्रिस्ती माणसाने त्या शहरी जावयाचे ते अत्तरासाठी नव्हे. आम्ही गेलो तेही नाताळच्या दिवसांत, तीन राजांच्या सणाच्या सुमारास.

माइन्झहून निघालेली आगगाडी ऱ्हाईनच्या डाव्या तीराने, अगदी पाण्याला खेटून धावते. दोन्ही बाजूंस डोंगर, डोंगरांच्या माथ्यावर जुने किल्ले, आणि उतारांवर द्राक्षांचे मळे. हिवाळ्यात त्या वेली उघड्याबोडक्या असतात; नुसते खुंट रांगेने उभे. नदीवर धुके, धुक्यातून मालवाहू तराफ्यांची संथ ये-जा. कोब्लेन्झ येथे मोझेल नदी ऱ्हाईनला मिळते. पुढे बॉन मागे पडले की डोंगर सरतात, मैदान लागते, रुळांची संख्या वाढते आणि बाजूला मालगाड्यांच्या वाघिणी दिसू लागतात. या वाघिणी वाचकांनी ध्यानात ठेवाव्या; त्यांच्याविषयी पुढे सांगावयाचे आहे.

कोलोनच्या स्थानकाबाहेर पाऊल टाकताच महामंदिर समोर उभे ठाकते. मान मागे टाकल्याखेरीज त्याचे शिखर दिसत नाही. दोन मनोरे, उंची सुमारे १५७ मीटर. १५ ऑगस्ट १२४८ रोजी, मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या दिवशी, पायाचा दगड बसविला गेला. पुढे सोळाव्या शतकात पैसा आणि उत्साह दोन्ही आटले व काम थांबले. अर्धवट मनोऱ्यावर लाकडी यारी तीनशे वर्षांहून अधिक काळ तशीच उभी होती. आपल्या गावच्या देवळाच्या घुमटाला दहा वर्षे लागली म्हणून कुरकुर करणाऱ्यांनी हे ऐकून ठेवावे! १८४२ साली काम पुन्हा सुरू झाले तेव्हा पायाचा नवा दगड बसविणारा प्रशियाचा राजा स्वतः प्रोटेस्टंट होता. १८८० मध्ये मंदिर पूर्ण झाले.

मुख्य वेदीमागे सोन्याने मढविलेली एक पेटी आहे. लांबी सुमारे २२० सेंटिमीटर. घडण छोट्या मंदिरासारखी. वेर्दूनच्या निकोलस नावाच्या कुशल सोनाराने ती बाराव्या शतकाच्या अखेरीस घडवावयास घेतली. बाळ येशूच्या दर्शनास आलेल्या तीन राजांचे अवशेष तीत आहेत अशी परंपरा आहे. आर्चबिशप रायनाल्ड यांनी ते ११६४ साली मिलान शहरातून आणले. गोव्यातील रेईश मागूश येथे ६ जानेवारीस तीन मुले राजांचा वेष करून घोड्यांवरून येतात, ते ज्यांच्या नावाने येतात त्यांचेच हे स्थान. याच दिवसांत जर्मन मुलेही मुकुट घालून, काठीवर तारा घेऊन दारोदार गात फिरतात, गोरगरीब मुलांसाठी वर्गणी जमवितात आणि चौकटीवर खडूने आशीर्वादाची अक्षरे लिहितात.

आता त्या वाघिणींविषयी. दुसऱ्या महायुद्धात कोलोनवर बाँबचा वर्षाव झाला. ३० मे १९४२ च्या एका रात्री हजार विमाने चालून आली होती. जुने शहर जवळजवळ सारेच ढिगारा झाले. महामंदिर मात्र घाव सोसून उभे राहिले. युद्ध संपले, पण १९४६-४७ चा हिवाळा भयंकर निघाला. छप्पर नाही, शिधा तुटपुंजा, चुलीला सरपण नाही. जवळच्या खाणींतला कोळसा मात्र डोळ्यांदेखत गाड्या भरभरून जात होता. गाडी हाताच्या खुणेसाठी थांबली की बायामुले वाघिणींवर चढून कोळसा खाली ढकलीत आणि पोत्यांत भरून पळत.

यास चोरी म्हणावे काय? हा प्रश्न घरोघरी होता, आणि पापनिवेदनाच्या जाळीपाशीही असलाच पाहिजे. ३१ डिसेंबर १९४६ च्या सायंकाळी रील भागातील संत एंगेलबर्ट मंदिरात कार्डिनल योसेफ फ्रिंग्ज यांनी सातव्या आज्ञेविषयी बोलताना त्याचे उत्तर दिले. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा की, प्राण व आरोग्य राखण्यास जे अवश्य आहे ते कष्टाने वा मागूनही मिळत नसेल, तर अशा संकटात ते घेण्याची माणसास मुभा आहे. संत थॉमस आक्विनास यांनी शिकविलेलीच ही गोष्ट. परंतु ग्रंथात वाचणे निराळे आणि थंडीने काकडलेल्या लोकांपुढे उच्चारणे निराळे.

लोकांनी त्या दिवसापासून कोळसा उचलण्याला 'फ्रिंग्जन' असे क्रियापदच बनविले! तो शब्द जर्मन भाषेत रुजला. मात्र प्रवचनाचा उत्तरार्ध बहुतेकांनी सोयीस्करपणे विसरून टाकला. पुष्कळांनी गरजेची मर्यादा ओलांडली आहे, अन्यायाने घेतलेले परत करावेच लागेल, त्यावाचून देवाची क्षमा नाही, असेही कार्डिनल त्याच दमात बोलले होते. शहराचा कारभार तेव्हा ब्रिटिशांच्या हाती होता. त्यांना हे प्रवचन रुचले नाही आणि कार्डिनलांना खुलासा करावा लागला. आमच्या मते त्या खुलाशात त्यांना नवे काही सांगण्याची गरजच नव्हती. दोन्ही गोष्टी त्यांनी वेदीपासून आधीच सांगितल्या होत्या.

फ्रिंग्ज १९६९ पर्यंत आर्चबिशप होते. भूक आणि थंडी यांची आठवण त्यांनी पुसू दिली नाही. देश सावरल्यावर, १९५८ साली, जगातील भूक व रोग यांविरुद्ध उपवासकाळात निधी जमविण्याची सूचना त्यांनी जर्मन बिशपांपुढे मांडली आणि 'मिझेरिओर' ही संस्था उभी राहिली. ज्यांच्या आईबापांनी वाघिणींवरून कोळसा ओढला होता, त्यांच्या पाकिटांतून आलेला हा पैसा पुढे आपल्या देशातील गावांच्या कामीही लागला.