पोटॅशियमचा आकडा आणि प्लॅस्टिकमधील मोकळी जागा

मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णाच्या अहवालात पोटॅशियम ६.८ असे छापून आले की आपली धावपळ सुरू होते. ईसीजी काढला जातो, कॅल्शियम ग्लुकोनेट भरले जाते, डायलिसिस विभागाला दूरध्वनी जातो. हा आकडा देणारा प्रयोगशाळेतील इलेक्ट्रोड मात्र आपल्यापैकी फार थोड्यांनी निरखून पाहिला असेल. त्याच्या टोकाशी पीव्हीसीचे एक पातळ पटल असते आणि त्या पटलात आयन हलू शकतात म्हणूनच आकडा मिळतो. गच्चीवरून उतरणारा टणक नळही पीव्हीसीचाच. त्यातून आयन जाण्याची सोय नाही. मग या पटलातच ती कोठून आली?

उत्तर मोकळ्या जागेत आहे. पॉलिमर म्हणजे लांबच लांब रेणुसाखळ्यांचा गुंता. साखळ्या कितीही दाटीने बसल्या तरी मध्ये फटी राहतात. रेणूंनी न व्यापलेल्या या जागेस आपण ‘मुक्त अवकाश’ म्हणू. काच-संक्रमण तापमानाखाली साखळ्या थिजतात. त्या वेळी मुक्त अवकाश एकूण आकारमानाच्या जेमतेम अडीच टक्के उरतो, असे विल्यम्स, लँडेल व फेरी यांनी १९५५ मध्ये मांडलेल्या समीकरणावरून निघते. त्यापुढे दर अंशाला तो सुमारे ०.०५ टक्क्याने वाढतो. वाढ क्षुल्लक, परिणाम मात्र प्रचंड. कोहेन व टर्नबुल यांच्या १९५९ च्या मांडणीनुसार, कणाला सरकायचे तर त्याच्या मापाची पोकळी शेजारी जमून यावी लागते आणि ती जमण्याची शक्यता मुक्त अवकाशाबरोबर घातांकी रीतीने बदलते. खच्चून भरलेल्या बसमध्ये प्रवाशांनी अंग चोरले की वाहक एक पाऊल पुढे सरकतो, तसाच हा प्रकार. प्रवासी थिजले तर वाहकही जागच्या जागी.

शुद्ध पीव्हीसीचे काच-संक्रमण तापमान सुमारे ८० अंश सेल्सियस. म्हणजे आपल्या प्रयोगशाळेत ते थिजलेलेच. म्हणून पटल करताना एक भाग पीव्हीसीमध्ये दोन भाग तेलकट प्लॅस्टिसायझर मिसळतात. तेल साखळ्यांमध्ये शिरते, त्यांना अलग करते, आणि काच-संक्रमण तापमान शून्याच्याही बरेच खाली जाते. बाहेरून प्लॅस्टिक, आतून जवळजवळ द्रव. असे पटल वापरून मूडी, ओक व थॉमस यांनी १९७० मध्ये वेल्समधील कार्डिफ येथे कॅल्शियमचा इलेक्ट्रोड केला. पोटॅशियमसाठी पटलात सुमारे एक टक्का व्हॅलिनोमायसिन घालतात. स्ट्रेप्टोमायसीस जंतूंपासून मिळणारे हे वलयाकृती प्रतिजैविक औषध म्हणून आपल्या हाती आले नाही, पण झुरिकच्या विल्हेल्म सायमन यांच्या गटाने त्याचे सोने केले. पाण्याचे वेष्टन उतरवलेला पोटॅशियम आयन त्याच्या पोकळीत नेमका बसतो; सोडियम बसत नाही. रक्तद्रवात सोडियम १४० आणि पोटॅशियम ४ असताना ही निवड नसती तर इलेक्ट्रोड निरुपयोगी ठरला असता.

खोटे वाढलेले पोटॅशियम म्हटले की आपण हिमोलिसिसकडे किंवा आवळलेल्या टूर्निकेटकडे बोट दाखवतो, आणि ते बहुधा योग्यच असते. परंतु पटलालाही वय असते. हजारो नमुन्यांच्या संपर्कात प्लॅस्टिसायझर थोडा थोडा झिरपून जातो, व्हॅलिनोमायसिनही जाते; मुक्त अवकाश आटतो, विद्युत्‌रोध वाढतो, प्रतिसाद मंदावतो आणि आकडा स्थिर होईना. कॅलिब्रेशनचा उतार घसरला की तंत्रज्ञ इलेक्ट्रोड बदलायला सांगतो. खर्चाकडे पाहून त्याला ‘अजून महिनाभर चालवा’ म्हणण्याचा मोह आपण टाळावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

बॅटरी करणाऱ्यांनाही हाच प्रश्न छळतो. शेफील्डच्या पीटर राइट यांनी १९७३ मध्ये पॉलिइथिलीन ऑक्साइडमध्ये क्षार विरघळवून आयनी संवाहकता दाखविली. अधिक क्षार म्हणजे अधिक आयन, म्हणून संवाहकताही अधिक, असे वाटेल. पण एका मर्यादेनंतर ती उलट घटते. आयन साखळ्यांना एकमेकींशी जखडतात, त्यांची हालचाल मंदावते, मुक्त अवकाश कमी होतो. शिवाय सुमारे ६५ अंशांखाली या पॉलिमरचा बराच भाग स्फटिकरूप असतो. पॅरिसमध्ये २०११ ते २०१८ भाड्याने धावलेल्या विजेच्या मोटारींतील अशा बॅटऱ्या त्यामुळे गरम ठेवाव्या लागत.

रक्ताच्या पिशवीला मऊपणा देणारे डीईएचपी हेही प्लॅस्टिसायझरच, आणि ते रक्तात उतरते याची चर्चा आपल्याला नवी नाही. झिरपण्याचा हा प्रश्न मुळातूनच सोडवावा म्हणून इलेक्ट्रोडसाठी तेलाविना मऊ राहणारी अॅक्रिलेटची पटले संशोधकांनी केली. त्यांच्या साखळ्यांच्या लांब पार्श्वशाखाच मुक्त अवकाश राखतात. तेल नाही म्हणून गळती नाही. मात्र अशा काही पटलांत आयनांची गती तेलकट पीव्हीसीच्या सुमारे हजारपटीने कमी भरली.